ब्रेमेनकडे किल्ली आहे, पुण्याकडे काय आहे?

विश्लेषण : जर्मनीतल्या छोट्या गावालाही स्वतःचे चिन्ह असते आणि गावकऱ्यांना ते वाचता येते. पुण्याच्या गोष्टीत असे चिन्ह चारशे वर्षांपासून पडून आहे. ते कुणी उचलत का नाही?

औंधला जाणाऱ्या पुणेकराला ब्रेमेन चौक माहीत असतो. रिक्षावाल्याला नाव सांगितले की तो बरोबर तिथे नेऊन सोडतो. हे नाव एखाद्या कंपनीचे किंवा जुन्या इंग्रज साहेबाचे असावे, असा अनेकांचा समज होऊ शकतो. प्रत्यक्षात ब्रेमेन हे उत्तर जर्मनीतले, वेझर नदीच्या काठचे व्यापारी शहर. पुण्याशी त्याची अनेक दशकांची मैत्री आहे आणि चौकाचे नाव त्या मैत्रीचे आहे.

या ब्रेमेनचे चिन्ह एका ओळीत सांगता येते : लाल ढालीवर चांदीची तिरकी किल्ली. तिथल्या शाळकरी मुलाला दोन खडू दिले तरी तो ते काढून दाखवेल. आता हाच प्रश्न पुण्यात विचारून पाहावा. महापालिकेचे चिन्ह घरपट्टीच्या बिलावर असते, घंटागाडीवर असते, उद्यानाच्या फाटकावर असते, फोनमधल्या ॲपवरही असते. डोळे मिटून ते कागदावर किती जण काढू शकतील? निदान त्यात काय काय आहे, हे किती जण सांगू शकतील?

पाणी, खड्डे, वाहतूक सोडून हा काय विषय, असे म्हणणारे पुण्यात भरपूर भेटतील आणि ते फारसे चुकीचे नाहीत. पण ज्या शहरात पुतळे, नावे आणि झेंडे यांवरून दर काही वर्षांनी रस्त्यावर उतरण्याची वेळ येते, त्या शहराने आपली खूण शांतपणे ठरवण्याचा विचार करायला हरकत नाही.

ब्रेमेनची किल्ली आली कुठून?

ख्रिस्ती परंपरेत संत पीटर स्वर्गाच्या किल्ल्या सांभाळतो. ब्रेमेनचे मुख्य चर्च त्याच्या नावाचे. त्यामुळे किल्ली मुळात चर्चची, म्हणजे तिथल्या आर्चबिशपच्या बाजूची खूण. गंमत अशी की ब्रेमेनच्या व्यापाऱ्यांचे आणि आर्चबिशपचे शतकानुशतके भांडण होते. शहराचे स्वातंत्र्य दाखवायला नागरिकांनी बाजारचौकात रोलँड नावाच्या वीराचा लाकडी पुतळा उभारला होता. १३६६ मध्ये आर्चबिशपच्या माणसांनी तो जाळला. नागरिकांनी १४०४ मध्ये त्याच जागी दगडाचा उभारला. तो आजही चर्चकडे तोंड करून उभा आहे आणि २००४ पासून शेजारच्या नगरभवनासह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

इतक्या भांडणानंतरही नागरिकांनी किल्ली मात्र सोडली नाही. आर्चबिशपची सत्ता गेली, किल्ली शहराची झाली. शेजारच्या हॅम्बुर्गच्या चिन्हात किल्ल्याचे दार आहे. त्यावरून ब्रेमेनचे लोक म्हणतात, हॅम्बुर्ग हे जगाचे दार असेल, पण त्याची किल्ली आमच्याकडे आहे. ब्रेमेनच्या बेक्स बिअरच्या बाटलीवरही हीच किल्ली आहे, फक्त उलट्या बाजूला झुकलेली.

शहराचा झेंडा लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा, काठीकडच्या बाजूला चौकटी. मांसाच्या चरबीदार पट्ट्यांसारखा दिसतो म्हणून लोक त्याला 'बेकनचा झेंडा' म्हणतात. स्वतःच्या झेंड्याची अशी थट्टा करता येणे, हे तो झेंडा आपला वाटण्याचेच लक्षण म्हणायचे.

चिन्ह वाचायचे कसे?

युरोपात ढालीवरच्या चिन्हांचे एक जुने शास्त्र आहे. त्याचा उगम रणांगणातला. चिलखतात चेहरा झाकलेला असताना आपला कोण, परका कोण, हे लांबून ओळखायचे होते. म्हणून नियम कडक झाले. पिवळा आणि पांढरा हे 'धातू', म्हणजे सोने आणि चांदी. लाल, निळा, हिरवा, काळा हे 'रंग'. रंगावर रंग ठेवायचा नाही, धातूवर धातू ठेवायचा नाही. लाल ढालीवर पांढरी किल्ली चालते. लाल ढालीवर निळी किल्ली चालत नाही, कारण पन्नास पावलांवरून ती दिसत नाही.

लांबून न दिसणाऱ्या चिन्हाचे काय होते, ते भारतीय नौदलाने अनुभवले आहे. २००१ मध्ये नौदलाच्या ध्वजावरचा ब्रिटिशकालीन लाल क्रूस काढून पांढऱ्या कापडावर निळ्या रंगात नौदलाचे चिन्ह ठेवले गेले. आकाश निळे, समुद्र निळा, चिन्हही निळे. लांबून ते ओळखता येईना, अशी तक्रार झाली आणि २००४ मध्ये लाल क्रूस परत आला.

दुसरा नियम अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला लगेच पटेल असा आहे. या शास्त्रात मूळ चिन्ह हे चित्र नसतेच. ते शब्दांत लिहिलेले वर्णन असते. 'लाल ढालीवर चांदीची तिरकी किल्ली' हे झाले स्पेसिफिकेशन. चित्रकार बदलला, शतक बदलले, किल्लीचे दाते थोडे वेगळे निघाले, तरी वर्णन जुळते तोवर चिन्ह तेच. ते दगडात कोरता येते, झेंड्यावर शिवता येते आणि मोबाइलच्या पडद्यावर नखाएवढे झाले तरी ओळखू येते. आजचे डिझायनर ज्या गुणासाठी भरपूर पैसे घेतात, तो बाराव्या-तेराव्या शतकातल्या सरदारांनी जीव वाचवण्यासाठी शोधला होता.

बरीचशी चिन्हे बोलकी असतात. म्युनिकचे मूळ नाव भिक्षूंवरून पडले, म्हणून चिन्हात भिक्षू. बर्लिनच्या नावातला 'बेर' कानाला अस्वलासारखा लागतो, म्हणून अस्वल. नावाची खरी व्युत्पत्ती वेगळी आहे, पण त्याने कुणाचे बिघडलेले नाही. जर्मनीत दहा हजारांहून अधिक स्थानिक संस्था आहेत आणि काही हजार वस्तीच्या गावालाही सहसा स्वतःची ढाल असते. तिच्यात गावची नदी असते, गिरणीचे चाक असते, जवळच्या जंगलातले झाड असते.

चिन्हावरून भांडणे तिथे होत नाहीत का?

होतात, आणि चांगली कडाक्याची होतात. कोबुर्ग हे बव्हेरियातले सुमारे चाळीस हजार वस्तीचे गाव. पुण्याच्या एका प्रभागाची लोकसंख्याही याहून जास्त भरते. या गावाच्या ढालीवर एका कृष्णवर्णीय पुरुषाचे मस्तक आहे. तो गावाचा रक्षक संत मॉरिशस. परंपरेनुसार तो इजिप्तकडून आलेल्या रोमन सैन्यतुकडीचा सेनानी होता.

नाझींना आपल्या गावाच्या ढालीवर काळा माणूस कसा चालणार? १९३४ मध्ये त्यांनी ते मस्तक काढले आणि तलवार बसवली. तलवारीच्या मुठीवर स्वस्तिक. १९४५ मध्ये नाझी गेले आणि संत मॉरिशस परतला. गोष्ट इथे संपली असती तर सोपे झाले असते. पण २०२० मध्ये, अमेरिकेत जॉर्ज फ्लॉइडच्या मृत्यूनंतर वर्णद्वेषाविरुद्ध जगभर आंदोलने सुरू असताना, याच चिन्हाविरुद्ध ऑनलाइन मोहीम निघाली. जाड ओठ आणि कानात मोठी बाळी असलेले हे मस्तक म्हणजे काळ्या माणसाचे साचेबंद, अपमानकारक चित्रण आहे, असे मोहिमेचे म्हणणे. नाझींनी हटवलेला संत आम्ही पुन्हा कसा हटवायचा, असा उलट प्रश्न गावातून आला. शहराने चिन्ह बदलले नाही.

दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. संत गावाच्या आदराचा विषय आहे आणि त्याचे चित्र ज्या काळात घडले त्या काळाचे पूर्वग्रहही त्यात आहेत. कोबुर्गवरून एक गोष्ट मात्र लक्षात येते. ढालीवर माणूस ठेवला की तो कुणाचा, कसा दिसतो, त्याच्या शेजारी कोण, हे प्रश्न कधी ना कधी येतातच. किल्लीला जात नसते आणि चेहराही नसतो.

मराठी मुलखात अशी चिन्हे होती का?

होती, पण वेगळ्या जातीची. युरोपने चित्र वापरले, मराठी राज्याने अक्षरे वापरली. आपली खूण म्हणजे मुद्रा.

शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा सर्वांना ठाऊक आहे. ती असलेल्या जुन्या पत्रांपैकी २८ जानेवारी १६४६ चे पत्र प्रसिद्ध आहे. पुण्याजवळच्या रांझे गावच्या पाटलाने एका स्त्रीवर केलेल्या अत्याचाराबद्दल त्याला दिलेल्या शिक्षेचे. त्या काळी आसपासच्या सरदारांचे शिक्के फारसीत असत. खुद्द जिजाऊंचा शिक्काही फारसीतच होता. ही मुद्रा संस्कृतात आहे आणि तिच्यातला मजकूर सांगतो की प्रतिपदेच्या चंद्रकोरीसारखी वाढत जाणारी, जगाने वंदिलेली, शहाजीपुत्र शिवाची ही मुद्रा लोकांच्या कल्याणासाठी आहे. भाषा कोणती, सत्ता कुणाची आणि कशासाठी, ही तिन्ही उत्तरे अंगठ्याएवढ्या जागेत बसवली आहेत.

पत्राच्या माथ्यावर शिक्का, शेवटी छोटे मोर्तब. मोर्तबाचा अर्थ, मजकूर इथे संपला, यापुढे कुणी काही घुसडले तर ते खोटे. रोज बातम्यांत 'उमेदवाराच्या नावावर शिक्कामोर्तब' असे छापले जाते, तो शब्द या दोन ठशांतून आला. म्हणजे आजच्या डिजिटल स्वाक्षरीचे काम मोर्तब करत होते.

पेशव्यांच्या शिक्क्यात आधी छत्रपतींचे नाव, मग प्रधान म्हणून स्वतःचे. सत्तेची सूत्रे साताऱ्याहून पुण्यात शनिवारवाड्यात आली, तरी शिक्क्यातली क्रमवारी तशीच राहिली. अक्षरांची खूण अशी राजकारणही सांगते, फक्त ती वाचता आली पाहिजे.

ही परंपरा मेलेली नाही. महाराष्ट्र शासनाच्या बोधचिन्हात मधोमध समई आहे आणि भोवती जो श्लोक आहे तो राजमुद्रेचाच, एका बदलासह. 'शहाजीपुत्र शिवाची' या जागी 'महाराष्ट्र राज्याची' असे शब्द घातले आहेत. राजाची मुद्रा लोकांच्या राज्याची झाली, ती इतक्या छोट्या दुरुस्तीने. सातबाऱ्यापासून दाखल्यापर्यंत ज्या शासनाशी रोजचा संबंध, त्याच्या चिन्हातली ही सुंदर गोष्ट शाळेत सांगितली तर मुलांच्या लक्षात राहील.

२ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत विक्रांत नौका नौदलात दाखल होताना नौदलाचा नवा ध्वज आला, तेव्हा लाल क्रूस कायमचा गेला. त्या जागी निळा अष्टकोन आला, राजमुद्रेवरून सुचलेल्या दुहेरी सोनेरी किनारीचा. निळ्याला सोनेरी कड मिळाल्याने तो उठून दिसतो, म्हणजे २००१ ची चूकही सुधारली. आणि अष्टकोन कुठून आला, हे त्या दिवशी सरकारने लोकांना समजावून सांगितले. त्यामुळेच तो लक्षात राहिला.

मग पुण्याच्या चिन्हाची अडचण काय?

पुणे महापालिकेचे ब्रीदवाक्य आहे 'वरं जनहितं ध्येयम्'. लोकांचे हित हेच श्रेष्ठ ध्येय, असा अर्थ. शेजारच्या पिंपरी-चिंचवडचे आहे 'कटिबद्धा जनहिताय', लोकहितासाठी कंबर कसलेली. (महापालिका स्त्रीलिंगी म्हणून 'कटिबद्धा'. व्याकरण मात्र चोख आहे.) दोन्ही वाक्ये चांगली आहेत. पण एका रात्रीत त्यांची अदलाबदल केली तर सकाळी कुणाच्या लक्षात येईल का? मुंबई महापालिकेचे सध्याचे वाक्य, जिथे धर्म तिथे जय या अर्थाचे, सर्वोच्च न्यायालयाचेही ब्रीद आहे. इंग्रजांच्या काळातले मुंबईचे लॅटिन वाक्य 'भारतातले पहिले शहर' असे मिरवायचे. त्यात फुशारकी होती, पण ते मुंबईशिवाय दुसऱ्या कुणाला शोभले नसते.

लोकहित हे ध्येय नसलेली महापालिका असते का? ब्रीदवाक्य जेव्हा कुठल्याही शहराला चालते, तेव्हा ते त्या शहराबद्दल काहीच सांगत नाही. राजमुद्रेतले कल्याणाचे वचन एका ठरावीक माणसाच्या नावाने आणि एका ठरावीक भाषेत दिलेले होते. आजच्या ब्रीदवाक्यांनी संस्कृत घेतले, नेमकेपणा मागे ठेवला.

कायद्याने महापालिकेला स्वतःची मोहोर दिली आहे आणि कामकाजाच्या कागदावर ती लागतेच. पण मोहोर प्रशासनाची असते. शहराची म्हणावी अशी खूण पुणेकरांनी आपापली शोधून घेतली आहे : टी-शर्टवर शनिवारवाड्याचा दरवाजा, कपावर पगडी, फ्रिजच्या चुंबकावर पुणेरी पाटी.

शनिवारवाडाच का घेऊ नये?

पहिले उत्तर तोच असतो. १७३० ते १७३२ या काळात उभा राहिलेला वाडा, भक्कम दिल्ली दरवाजा, बाह्याकृती लांबूनही ओळखू येणारी. १७ नोव्हेंबर १८१७ रोजी त्यावर इंग्रजांचा युनियन जॅक चढला आणि पुण्याची सत्ता गेली. म्हणजे झेंड्याशी असलेले त्याचे नातेही पक्के आहे.

पण वाडा हे एका घराण्याचे घर होते. कुणासाठी तो अटकेपर्यंतच्या स्वाऱ्यांचा अभिमान आहे, तर कुणासाठी पेशवाईतल्या जातीच्या जाचाची आठवण. हडपसरच्या किंवा येरवड्याच्या वस्तीतल्या माणसाने तो आपली खूण म्हणून छातीवर लावावा, अशी अपेक्षा करता येत नाही. शिवाय तो इमारत आहे, आणि बारकाव्यांची इमारत पडद्यावर लहान केली की नुसता डाग उरतो.

याहून चांगले काही पुण्याकडे आहे?

आहे, आणि ते भाषेत आधीच शिरलेले आहे. 'गाढवाचा नांगर फिरवणे' हा वाक्प्रचार मराठीत पूर्ण नासाडीसाठी वापरतात. पुण्याने तो अक्षरशः भोगला आहे. १६३० च्या सुमारास आदिलशाही सरदार मुरार जगदेव याने पुणे उद्ध्वस्त केले. परंपरा सांगते की त्याने जळलेल्या गावावरून गाढवाचा नांगर फिरवला आणि जमिनीत लोखंडी पहार ठोकली. या जागी पुन्हा वस्ती होऊ नये, ही तिची भाषा. विचार केला तर तीही एक निशाणीच होती, फक्त शापाची. पुढे जिजाऊ आणि बाल शिवाजी पुण्यात आले आणि त्याच जमिनीत सोन्याचा नांगर धरून गाव पुन्हा वसवले.

नांगराचा फाळ सोन्याचा होता का, किती सोन्याचा होता, हे इतिहासाच्या अभ्यासकांना ठरवू दे. चिन्हासाठी तो प्रश्न दुय्यम आहे. संत पीटरकडे खरोखर किल्ली होती का, हे ब्रेमेनमध्ये कुणी विचारत नाही. शहर एकदा संपवले गेले आणि लोकांनी ते पुन्हा वसवले, ही गोष्ट एका अवजारात मावते. १९६१ च्या पानशेत पुरानंतर पुण्याने तेच पुन्हा केले. मराठवाड्यातून, विदर्भातून, बिहारमधून इथे येऊन घर मांडणाऱ्यालाही ती गोष्ट आपली म्हणता येते. वाड्याबद्दल असे म्हणता येत नाही.

अर्थात हा नांगरही वादात सापडला आहे. महापालिकेने उभारलेल्या आजच्या लाल महालात जिजाऊ, सोन्याचा नांगर धरलेले बाल शिवाजी आणि दादोजी कोंडदेव असा शिल्पसमूह होता. दादोजी हे शिवाजी महाराजांचे गुरू नव्हते, हे नाते नंतर रचले गेले, असा आक्षेप जुना होता. डिसेंबर २०१० मध्ये महापालिकेने ठराव केला आणि दादोजींचा पुतळा मध्यरात्री हलवला. त्यावरून शहर पेटले, बंदही झाला. ठराव योग्य होता की नाही, यावर आजही दोन मते आहेत. पुतळा रात्री हलवणे मात्र कुठल्याच बाजूला शोभणारे नव्हते. त्या सगळ्या भांडणात नांगरावर कुणाचाच आक्षेप नव्हता. नांगराशेजारी कोण उभे राहणार, यावर भांडण होते. ढालीवर नांगर एकटाच राहतो, आणि ती त्याची मोठी सोय आहे.

रंगांचा प्रश्न मजेशीर आहे. पहिला हात भगव्याकडे जाईल. पण भगव्यावर सोनेरी ठेवले तर लांबून काही दिसणार नाही, निळ्या समुद्रावरच्या निळ्या चिन्हासारखे. शिवाय भगवा, निळा, हिरवा, यांपैकी प्रत्येक रंगावर आता कुठल्या ना कुठल्या पक्षाचा हक्क सांगितला जातो. राहतो काळा. दख्खनच्या मातीचा रंग, शेतकरी जिला काळी आई म्हणतो तिचा. काळ्या ढालीवर सोन्याचा नांगर. काळा अशुभ म्हणून नाके मुरडली जातील, पण संक्रांतीला अख्खे पुणे काळे नेसून तिळगूळ वाटते.

हे चिन्ह वापरायचे कुणी?

इथे जर्मनीकडून घेण्यासारखी खरी गोष्ट आहे. तिथे गावाचे चिन्ह गावाच्या नावासारखेच कायद्याने जपले जाते. परवानगीशिवाय कुणी ते दुकानावर लावू शकत नाही. पण मग लोकांनी काय करायचे? बर्लिनने आणि नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्याने त्यावर सोपा तोडगा काढला. अधिकृत चिन्ह शासनाचे, आणि त्यावरून केलेले एक साधे चिन्ह सर्वांसाठी खुले. क्लबने वापरावे, बेकरीने वापरावे, पोराने सायकलवर चिकटवावे.

आपल्याकडचा कायदा थांबवण्याकडे झुकलेला आहे, आणि त्यालाही कारण आहे. १९५० च्या चिन्हे व नावे कायद्याने केंद्र व राज्य सरकारची चिन्हे, तसेच शिवाजी महाराजांचे नाव आणि चित्रही, धंद्यासाठी किंवा ट्रेडमार्क म्हणून वापरायला मनाई आहे. स्थानिक संस्थेशी संबंध असल्याचा भास निर्माण करणारी नावेही त्यात येतात. राष्ट्रीय बोधचिन्हासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. खासगी गाडीच्या काचेवर 'महाराष्ट्र शासन' अशी पाटी लावून टोलनाक्यावर रुबाब करणारे पाहिले की हे कायदे कशासाठी, ते कळते.

पण बंदी एवढेच धोरण असले की लोक चिन्हाला घाबरतात किंवा त्याची नक्कल करतात. तिरंग्याचे उदाहरण समोर आहे. २००२ पर्यंत सामान्य माणसाला ठरावीक दिवसांखेरीज घरावर तो लावता येत नसे. त्या वर्षी ध्वजसंहिता बदलली आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सन्मानाने तिरंगा फडकवणे हा नागरिकाचा मूलभूत हक्क मानला. त्याने तिरंग्याचा मान कमी झाला नाही.

शहराला झेंडाही हवा का? इथे मात्र जर्मनीची नक्कल नको. डिसेंबर २०२० मध्ये बेळगाव महापालिकेसमोर लाल-पिवळा झेंडा उभारला गेला आणि कोल्हापूरपर्यंत पडसाद उमटले. आपल्याकडे खांबावरचे कापड लगेच सीमेची आणि मालकीची भाषा बोलू लागते. पुण्याला चिन्ह पुरे आहे.

त्यासाठी सध्याचे महापालिकेचे चिन्ह काढून टाकण्याची गरज नाही. ते कागदावर, ठरावावर, मोहोरीवर जसे आहे तसे राहू शकते. त्यात काय आहे आणि का आहे, हे मात्र महापालिकेच्या संकेतस्थळाच्या पहिल्या पानावर चार ओळींत लिहायला हवे. नागरिकांसाठी खुले दुसरे चिन्ह सर्वसाधारण सभेत, दिवसाउजेडी, हरकती मागवून ठरवता येईल. सल्लागार कंपनी नेमून लोगो मागवण्याचा मोह मात्र टाळावा. तसे झाले तर नदी, पूल, मेट्रो, सायकल आणि हसणारा सूर्य असे सगळे एका वर्तुळात कोंबलेले हाती येईल. ठरावात वर्णन एकाच ओळीचे असावे, आणि चित्र कसे काढायचे ते पुण्यातल्या कला महाविद्यालयांतल्या मुलांवर सोडावे.